ससा आहे, वेगळ्या खोलीत

अर्जावर एक साधा प्रश्न होता : घरात ससा, पक्षी, हॅमस्टर यांपैकी कोणी आहे का?

मी लिहिलं : ससा आहे. वेगळ्या खोलीत असतो.

उत्तर खोटं नव्हतं. शेफील्डमधलं आमचं घर अरुंद असलं तरी दुमजली आहे. ठकी, म्हणजे आमची सशीण, वरच्या खोलीत. बंड्या हा कुत्रा, मी आणि नवरा बहुतेक वेळ खाली. लोकांनी सोडून दिलेले फेरेट सांभाळणाऱ्या बाईंनी फोनवर दोनदा विचारलं, "दार नीट लागतं ना?" मी दोनदा "हो" म्हटलं. एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही दोन फेरेट घरी आणले. एक पांढरी, लाल डोळ्यांची. दुसरी काळपट तपकिरी, डोळ्यांवर चोराने बांधावी तशी गडद पट्टी. नावं आधीच ठरली होती, शेव आणि पापडी.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "अगं, ही तर मुंगसं!"

चूक तिची नाही. लांबट अंग, आखूड पाय, टोकदार तोंड पाहिलं की मराठी माणसाला मुंगूसच आठवणार. पण मुंगसाचं कूळ वेगळं. फेरेटचं कूळ आपल्याकडच्या पाणमांजराचं. युरोपातल्या रानात पोलकॅट नावाचा शिकारी प्राणी असतो, त्याला माणसाळवून फेरेट तयार झाला. त्याच्या शास्त्रीय नावातला 'फ्युरो' हा लॅटिन शब्द 'चोर' या अर्थाच्या शब्दाशी नातं सांगतो. दोनच दिवसांत माझा एक मोजा, गाडीची किल्ली आणि नवऱ्याचा इअरफोन सोफ्याखाली सापडला, तेव्हा नाव पटलं.

आईला मात्र पंचतंत्रातली गोष्ट आठवली होती. बाळाला सापापासून वाचवणारं मुंगूस, त्याच्या तोंडाला लागलेलं रक्त आणि ते पाहून घाईने त्याचा जीव घेणारी आई. "उगाच संशय घेऊ नकोस हं त्यांच्यावर," ती म्हणाली.

संशय घ्यायचा की नाही, हा प्रश्न पुढे तीन आठवड्यांनी आला. तोवर मी फेरेटचा इतिहास बराच वाचला होता. गंमत म्हणजे घरात त्यांना रुळवताना एकेक पायरी येत गेली, तसा तो इतिहास उलट्या क्रमाने समोर आला. आधी अलीकडचा, मग जुना आणि शेवटी सगळ्यात जुना.

पहिली पायरी : शिंक

नव्या प्राण्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं, हा कुठल्याही घराचा नियम. फेरेटच्या बाबतीत तो जास्त कडक पाळावा लागतो, आणि त्याचं एक कारण कुत्रा असतो. कुत्र्यांना होणारा डिस्टेम्पर हा विषाणूजन्य रोग फेरेटला झाला, तर तो जवळपास हमखास मरतो. म्हणून बंड्याची लस वेळेवर झाली आहे ना, हे आधी तपासलं. मग शेव-पापडीला लस दिली आणि त्यानंतरच दाराच्या फटीतून एकमेकांचा वास घ्यायची परवानगी मिळाली.

दुसरं कारण आम्ही स्वतः. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. फेरेटचा माणसाला होतो. हे जगाला कसं कळलं, ती हकिगत मोठी आहे.

१९१८ च्या फ्लूच्या साथीने एकट्या भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मुंबई बंदरात उतरलेली ती साथ रेल्वेने देशभर पसरली. पण एवढी माणसं कशाने मेली, हे पुढे पंधरा वर्षं पक्कं ठाऊक नव्हतं. अनेक डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते. लंडनजवळच्या मिल हिल इथल्या सरकारी संशोधन संस्थेत तेव्हा कुत्र्यांच्या डिस्टेम्परवर काम चाललं होतं आणि त्यासाठी फेरेट पाळलेले होते. १९३३ साली फ्लूची साथ आली तेव्हा विल्सन स्मिथ, ख्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातला द्रव गाळून, म्हणजे जिवाणू अडवून, फेरेटांच्या नाकात घातला. फेरेटांना ताप आला, नाकं वाहायला लागली. जिवाणू गाळून गेल्यावरही रोग होतोय, म्हणजे रोग विषाणूचा आहे.

पुढे एक आजारी फेरेट विल्सन स्मिथच्या तोंडावर शिंकला. स्मिथला फ्लू झाला. त्याच्या घशातून मिळालेल्या विषाणूला त्याच्याच आद्याक्षरांवरून 'डब्ल्यूएस' हे नाव मिळालं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर अनेक वर्षं काम झालं. आजही फ्लूचा नवा प्रकार कसा पसरेल, हे पाहायला फेरेटच वापरतात.

दुसऱ्या आठवड्यात मला सर्दी झाली, तेव्हा मी पाच दिवस फेरेटांच्या खोलीत गेले नाही. नवरा मास्क लावून जेवण देऊन यायचा. घरातल्या इतर प्राण्यांची यादी करताना आपण स्वतःला मोजत नाही. मोजायला हवं.

कुत्रा आणि डिस्टेम्पर यांची आणखी एक आठवण ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत काळ्या पायांचा फेरेट ही वेगळी, रानटी जात आहे. ती संपली असं लोक धरून चालले होते. १९८१ साली वायोमिंगमधल्या मीटित्सी गावाजवळ एका शेतावरचा कुत्रा तोंडात मेलेला प्राणी घेऊन दारात आला. तो काळ्या पायांचा फेरेट होता. शोध घेतल्यावर जिवंत कळप सापडला. चारच वर्षांत त्या कळपात डिस्टेम्पर शिरला. शेवटी उरलेले अठरा प्राणी पकडून बंदिस्त जागेत त्यांची पैदास करावी लागली. शोध लावला कुत्र्याने, आणि कळप जवळपास संपवला तो कुत्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाने.

दुसरी पायरी : एकाच कलमातले दोघे

बंड्या लर्चर आहे, म्हणजे ग्रेहाउंडचा संकर. लांब पाय, बारीक कंबर, आणि पळणारं काही दिसलं की अंगातून वीज गेल्यासारखा ताठ. याचं फेरेटशी जमेल का, याची मला खरी धास्ती होती.

आम्ही घाई केली नाही. आधी एकमेकांची अंथरुणं अदलाबदल केली. मग जाळीच्या दारातून भेट. मग बंड्या पट्ट्यात, फेरेट मोकळे. पापडी पहिल्याच दिवशी पाठ कमानीसारखी वाकवून, तोंड उघडून, आडव्या-तिडव्या उड्या मारत त्याच्या अंगावर गेली. घशातून कोंबडीसारखा 'दुक-दुक' आवाज. मला वाटलं, संपलं. पण हा फेरेटचा आनंदाचा नाच असतो. नवखा माणूस त्याला हल्ला समजतो. बंड्याने वास घेतला, मान वळवली आणि जांभई दिली.

शेजारचे आजोबा कुंपणावरून हे बघत होते. ऐंशीच्या घरातले, आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेले. "लव्ह," ते म्हणाले (इथे दुकानदारापासून बसचालकापर्यंत सगळे असंच हाक मारतात), "त्या कुत्र्याला हे कुणीतरी आधीच शिकवलंय." त्यांच्या वडिलांकडे लर्चर आणि फेरेट दोन्ही होते. सशाच्या बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, एका बिळातून फेरेट आत सोडायचा. ससे घाबरून बाहेर पडतात आणि जाळीत अडकतात. जाळीतून सुटलेला कुत्रा धरतो. म्हणून कुत्र्याला पिल्लू असतानाच फेरेटच्या खुराड्यापाशी बांधायचे. फेरेट आपला, ससा आपला नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

ही जोडी फार जुनी. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका इंग्लिश प्रार्थनापोथीत, क्वीन मेरी साल्टरमध्ये, फेरेट घेऊन सशांची शिकार करणाऱ्या स्त्रियांचं चित्र आहे. ससा तेव्हा इंग्लंडमध्ये महाग होता. नॉर्मन लोकांच्या राज्यात तो इथे आला, आणि सरदार-मठवाले त्याला खास राखीव जागांत वाढवत. साहजिकच तो चोरणारेही होते. १३९० साली राजा रिचर्ड दुसरा याच्या काळात कायदा झाला : वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसाने शिकारीसाठी ग्रेहाउंड ठेवू नये, फेरेट आणि जाळी वापरू नये. शिक्षा एक वर्ष कैद.

म्हणजे ज्या दोन प्राण्यांना सहाशे वर्षांपूर्वी एकाच कलमात मनाई झाली, त्यांचे वंशज आमच्या सोफ्यावर एकाच गोधडीत झोपायला लागले होते. मी फोटो काढला, आईला पाठवला. तिने लिहिलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

आजोबांच्या वडिलांसाठी फेरेट हा लाड नव्हता. खाणीतल्या पगारात मटण रोज परवडत नसे; फेरेटमुळे रविवारी ताटात ससा यायचा. त्यांचे फेरेट मागच्या अंगणात लाकडी खुराड्यात असायचे, घरात कधीच नाही. खायला दुधात भिजवलेला पाव. आता कळतं की ते चूक होतं. फेरेट निव्वळ मांसाहारी आहे, पाव-दूध त्याला सोसत नाही. पण माणसंही तेव्हा पावावरच जगत होती.

१९५३ साली मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये शिरला आणि दोन-तीन वर्षांत देशातले बहुतेक ससे मेले. फेरेटचं काम गेलं. खेळ मात्र उरले. यॉर्कशरमध्ये पायजम्याचे पाय घोट्याशी बांधून आत दोन जिवंत फेरेट सोडायचे आणि कोण जास्त वेळ टिकतो ते बघायचं, अशी स्पर्धा होती. बार्न्स्लीच्या रेज मेलर या खाणकामगाराने १९८१ साली पाच तास सव्वीस मिनिटं टिकून विक्रम केला. पुढच्या काळात फेरेट हळूहळू खुराड्यातून दिवाणखान्यात आला. शिकारी कामगार होता, तो पाळीव झाला.

मीही तेच धरून चालले होते, की तो आता पाळीव झाला.

तिसरी पायरी : ठकी

तिसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी मी तासभर शेव-पापडीशी खेळले आणि त्याच स्वेटरमध्ये ठकीला पालक द्यायला वर गेले.

ठकीने मागचे पाय जमिनीवर जोरात आपटले. एकदा, दोनदा, तीनदा. मग कोपऱ्यात जाऊन कान पाठीला चिकटवून बसली. मी हात पुढे केला तर ती भिंतीत शिरायला बघत होती. सहा वर्षं ती माझ्या हातून खाते आहे.

सकाळी वाटीतला पालक तसाच होता. गवताला तोंड लावलेलं नव्हतं. आणि खोलीभर एकही लेंडी नव्हती.

ससे पाळणाऱ्याला या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळतो. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. भीतीने किंवा दुखण्याने ते थांबलं, तर दिवसभरात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, वेदनाशामक आणि आतडं हलवणारं औषध दिलं आणि विचारलं, "घरात कोणी नवीन आलंय का?"

मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दर काही तासांनी सिरिंजने पातळ खाणं भरवायला सांगितलं.

दोन रात्री आम्ही पाळीपाळीने जागलो. प्रत्येक वेळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून वर जायचं. ठकी मांडीवर घट्ट गोळा होऊन बसलेली, मी तिच्या ओठांच्या कडेने हिरवं पाणी सोडतेय. आणि डोक्यात मी आधीच वाचलेला, आवडीने इतरांना ऐकवलेला इतिहास.

स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळातला. तो लिहितो की स्पेनच्या बाजूला सशांनी उच्छाद मांडला आहे आणि लोक त्यांच्यावर लिबियातून आणलेले रानटी, लांबट प्राणी सोडतात. तोंडाला मुसकं बांधून बिळात घालायचं. ते सशांना नखांनी ओढून काढतात, नाहीतर बाहेर पळवून लावतात. बहुतेक अभ्यासक हा फेरेटच मानतात. त्याच्यानंतर काही दशकांनी रोमन लेखक प्लिनी सांगतो की बॅलिएरिक बेटांवरच्या लोकांनी सशांपासून पिकं वाचवायला सम्राट ऑगस्टसकडे सैन्य मागितलं होतं.

सैन्याचं ऐकून मी पूर्वी हसले होते. त्या रात्री मुसक्याचा विचार करत होते. मुसकं का? कारण फेरेटने बिळात ससा मारला, तर तो तिथेच खातो आणि झोपतो. वर माणूस ताटकळत बसतो. माणसाला मारणारा फेरेट नको होता, भीती घालणारा हवा होता. बिळात नुसता त्याचा वास शिरला, तरी सशाने जीव घेऊन पळावं. दोन हजार वर्षं हेच त्याचं काम होतं, आणि हेच काम चांगलं करणारे फेरेट माणसाने पुढे वाढवले.

२०१२ साली हंगेरीतल्या संशोधकांनी पाळीव फेरेट, कुत्रे आणि फेरेटचे रानटी संकर यांची तुलना केली होती. मालकाच्या डोळ्यात डोळा घालून पाहणं, माणसाने केलेल्या खुणेमागे जाणं यांत पाळीव फेरेट कुत्र्याच्या जवळ निघाले, रानटी संकर मागे राहिले. फेरेट माणसाळला आहे, यात शंका नाही. पण माणसाळणं म्हणजे माणसाशी वागणं बदलणं. सशाशी वागणं बदलावं, असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं. उलट ते तसंच राहावं म्हणून जपलं गेलं.

आणि ठकी? जगातले सगळे पाळीव ससे त्याच स्पेनकडच्या रानसशाच्या वंशातले. फेरेटला माझ्या मांडीवर झोपायला जितकी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, तितकीच जुनी त्या वासाची भीती ठकीच्या अंगात आहे. मी दार लावलं होतं. वास मीच स्वेटरवर घेऊन वर गेले.

कुणाचा दोष

तिसऱ्या दिवशी पहाटे ठकीने कोथिंबिरीची एक काडी ओढली. मग दुसरी. नऊ वाजता चार लेंड्या दिसल्या आणि नवऱ्याने त्यांचा फोटो काढला. असा फोटो पाहून आपण कधी रडू, असं मला वाटलं नव्हतं.

आता काय, हा प्रश्न होता. नवरा म्हणाला, फेरेट परत देऊया, ठकी आधीची आहे. तो रागावलेला होता. पापडी जाळीपाशी उभी राहून दुक-दुक करत होती आणि आम्हा दोघांना तिचं तोंड बघवत नव्हतं. तेव्हा मला आईची गोष्ट आठवली, आणि न्यूझीलंडसुद्धा.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून गेलेल्या लोकांनी न्यूझीलंडमध्ये ससे नेले. ससे वाढले, कुरणं उजाड झाली. मग १८८० च्या दशकात सरकारने हजारोंनी फेरेट आणि त्याचे भाऊबंद आणून सोडले. पक्ष्यांचे अभ्यासक आधीच सांगत होते की असं करू नका. तिथले किवी-वेकासारखे पक्षी उडत नाहीत, जमिनीवर घरटी करतात. ससे संपले नाहीत. पक्षी मात्र मारले गेले. २००२ पासून तिथे फेरेट विकायला आणि त्यांची पैदास करायला बंदी आहे, आणि २०५० पर्यंत या सगळ्या कुळाला देशातून नाहीसं करायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. पक्ष्यांसाठी ते गरजेचं असेलही. पण पंचतंत्रातल्या मुंगसाच्या तोंडाला सापाचं रक्त होतं. इथे रक्त खरोखरच पक्ष्यांचं आहे, आणि तरीही चूक जहाजात पिंजरे चढवणाऱ्यांची आहे.

शेव-पापडीने काहीच केलं नव्हतं. त्यांनी ठकीला पाहिलंसुद्धा नव्हतं. आमच्या घरात चुकलं होतं ते इतकंच : सगळ्यांनी एका छताखाली, एका सोफ्यावर, एका फोटोत असावं, ही हौस माझी होती. प्राण्यांपैकी कुणीही ती मागितलेली नव्हती.

आजोबांना विचारलं, तुमच्या वडिलांचे फेरेट बाहेर का असायचे? "घरात वास येतो म्हणून," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि आईच्या कोंबड्या होत्या."

मे महिन्यात आम्ही मागच्या अंगणातली लाकडी शेड रिकामी केली. भिंतींना आतून पत्रे आणि लोकर, दोन मजली जाळीचं घर, जुन्या पाइपांची बिळं, खाली गवताची पोती. थंडी फेरेटला सोसते, ऊन सोसत नाही. म्हणून छपरावर सावलीचं कापड. दिवसाचे चौदा-पंधरा तास त्या तशाही झोपतात. उरलेल्या वेळात सकाळ-संध्याकाळ मी तिथे असते आणि बंड्या दारात आडवा पडलेला असतो. त्याला आता वरच्या मजल्यावर यायला मनाई आहे. सोफ्यावरची ती गोधडी शेडमध्ये गेली, आणि तिच्याबरोबर तसला फोटोही परत कधी निघणार नाही.

त्या बाईंना मी सगळं कळवलं. अर्जातल्या माझ्या उत्तराबद्दल माफीही मागितली. त्यांनी शेडचं मोजमाप विचारलं आणि एक सूचना केली : शेडच्या आत एक खुंटी लावा, तिथला स्वेटर तिथेच राहू द्या.

खुंटी लावली आहे. रोज संध्याकाळी शेव बाहीत शिरून झोपते, तिला हळूच काढून गोधडीत ठेवते, स्वेटर खुंटीला अडकवते, नळावर कोपरापर्यंत हात धुते आणि दुसरा शर्ट घालून कोथिंबीर घेऊन वर जाते. ठकी आधी माझ्या हाताचा वास घेते. रोज घेते, अजूनही. मी थांबते. मग ती खाते.